मामांचा संगणक आणि दोन पेनड्राइव्ह

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सांगलीहून मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. निळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत संगणकाला दुरुस्तीची गरज असल्याची इंग्रजी सूचना, त्याखाली बूट कॉन्फिगरेशन डेटा वाचता येत नसल्याचा उल्लेख, आणि सी, सहा शून्ये व एफ असा शेवट असलेला एक क्रमांक. पाठोपाठ फोन आला. "अगं, दुकानातला पोरगा येऊन बघून गेला. फॉरमॅट मारावा लागतोय म्हणाला. मारू दे का?" मी जवळजवळ ओरडलेच, की मामा, कुणालाही हात लावू देऊ नका, बटण बंद करा आणि मी येईपर्यंत ते चालूसुद्धा करू नका.

ओरडण्याचे कारण असे की, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मामांनी बारा वर्षे खपून कृष्णाकाठच्या शेतीतल्या जुन्या शब्दांचा संग्रह टंकून ठेवला आहे आणि तो सगळा त्या एकाच संगणकात होता. नांगराचे भाग, बैलगाडीचे भाग, मोटेचे भाग, पिकांवरच्या रोगांची गावठी नावे, खळ्यावरचे शब्द, मापे, पावसाचे प्रकार. प्रत्येक विषयाची वेगळी फाइल, आणि प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या गावात, कुणाच्या तोंडून ऐकला याची नोंद. यातली बरीच माणसे आता हयात नाहीत. 'बॅकअप आहे का' असे मी विचारले, तेव्हा मामांनी सांगितले की आहे, डी ड्राइव्हवर दुसरी प्रत आहे. डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा कप्पा. म्हणजे किल्ली हरवली तर असावी म्हणून दुसरी किल्ली त्याच जुडग्यात अडकवल्यातला प्रकार.

तरीही तो फोटो पाहून मला थोडा धीरच आला होता. संगणक सुरू होत नाही, ही तक्रार फार ढोबळ असते आणि तो नेमका कुठे अडतो यावर सगळे अवलंबून असते. बटण दाबल्यावर पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच उमटत नाही, किंवा नुसत्या शिट्ट्या वाजतात, तर बिघाड रॅम, मदरबोर्ड किंवा वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता अधिक, आणि तिथे बचाव डिस्कचा, म्हणजे बाहेरून लावून संगणक सुरू करण्याच्या साधनाचा, काही उपयोग नाही. मामांच्या पडद्यावर मात्र अक्षरे होती. जुन्या पद्धतीच्या संगणकात मदरबोर्डवरचा बायॉस हा प्रोग्राम प्रथम डिस्कवरचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यातल्या ४४६ बाइटांत पुढे कुठे जायचे ते सांगणारा छोटासा प्रोग्राम असतो, ६४ बाइटांत डिस्कच्या कप्प्यांचा तक्ता असतो आणि शेवटच्या दोन बाइटांत खूण असते. तिथून कारभार विंडोजच्या बूट मॅनेजरकडे जातो आणि तो बीसीडी, म्हणजे मघाच्या सूचनेतल्या बूट कॉन्फिगरेशन डेटाची एक लहानशी फाइल उघडून विंडोज कुठे आहे ते पाहतो. मामांच्या संगणकाने यातल्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या चढल्या होत्या आणि तो शेवटच्या पायरीवर, त्या बीसीडीपाशी अडला होता. घराचे दार उघडत नाही याचा अर्थ घरातले सामान चोरीला गेले असा होत नाही. फॉरमॅट करणे म्हणजे मात्र दार उघडत नाही म्हणून घर पाडणे, आणि त्या दुकानातल्या मुलाचा दोष एवढाच की त्याच्या दृष्टीने संगणक चालू होणे हेच काम होते.

बंद दाराच्या घरात खिडकीतून शिरण्याचे साधन म्हणजे बचाव डिस्क. संगणकाच्या आतल्या डिस्कला स्पर्शही न करता, बाहेरून लावलेल्या सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून एक संपूर्ण कार्यप्रणाली थेट रॅममध्ये चढवायची आणि मग आतल्या डिस्ककडे परक्या नजरेने पाहायचे. ही कल्पना काही नवी नाही. विंडोज ९८ च्या काळात १.४४ मेगाबाइटची स्टार्टअप फ्लॉपी असे, आणि तिच्यावर जागा अपुरी म्हणून ती रॅमचाच एक तुकडा डिस्क असल्यासारखा वापरून आपली अवजारे तिथे उलगडून ठेवत असे. पुढे क्लाउस क्नोपर या जर्मन अभियंत्याने २००० मध्ये क्नॉपिक्स आणले, आणि सुमारे दोन गिगाबाइटची लिनक्स प्रणाली दाबून ७०० मेगाबाइटच्या एका सीडीवर बसवली. महाविद्यालयात असताना मी त्या सीडीच्या प्रती वाटत फिरले आहे. आता बहुतेक संगणकांना सीडी घालायचे तोंडच उरलेले नाही, तरी 'डिस्क' हा शब्द टिकून आहे. सीडीचा एक गुण मात्र पेनड्राइव्हमध्ये नाही. एकदा लिहिलेली सीडी-आर नंतर कुणाला बदलता येत नाही, त्यामुळे विषाणू लागलेल्या संगणकात घातली तरी ती स्वतः बाधत नाही.

सांगलीला निघण्याच्या आदल्या रात्री मी पुण्यात घरी बसून दोन पेनड्राइव्ह तयार केले. एक सिस्टिमरेस्क्यूचा, म्हणजे बचावकार्यासाठीच बनवलेल्या लिनक्सचा, आणि दुसरा विंडोज १० च्या अधिकृत स्थापना-माध्यमाचा. दोन कशाला, असे कुणी विचारील. लिनक्सचा पेनड्राइव्ह माहिती बाहेर काढण्यात तरबेज असतो, पण विंडोजची बीसीडी नव्याने घडवायची तर विंडोजचीच अवजारे हाताशी असलेली बरी. विंडोजच्या माध्यमासाठी मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल किमान ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह मागते आणि सगळे काम आपले आपण करते, त्याबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही.

सिस्टिमरेस्क्यूची आयएसओ फाइल साधारण एक गिगाबाइटची आहे. ती प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावी, आणि उतरल्यावर तिची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण, तिथे छापलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळे काही घ्यावे लागत नाही, सर्टयूटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते. चौसष्ट अक्षरांची ती माळ डोळ्यांनी जुळवणे कंटाळवाणे आहे खरे, परंतु अर्धवट उतरलेल्या फाइलपासून बनवलेला पेनड्राइव्ह नेमका परगावी, आजारी संगणकासमोर बसल्यावर दगा देतो, आणि तेव्हा दोष पेनड्राइव्हचा की संगणकाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

इथे बरेच लोक एक चूक करतात. आयएसओ फाइल उचलून पेनड्राइव्हवर नुसती टाकून ठेवतात आणि संगणक तिच्यावरून सुरू होत नाही म्हणून चकित होतात. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा ठसा असतो. तो पेनड्राइव्हवर उमटवावा लागतो, आणि ते काम मी रुफस नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रामने करते. त्यात एका प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक द्यावे लागते, ते म्हणजे पेनड्राइव्हवरच्या कप्प्यांची रचना एमबीआर या जुन्या पद्धतीची असावी की जीपीटी या नव्या पद्धतीची. मामांचा संगणक २०१४ चा, जुन्या बायॉसवर चालणारा, म्हणून मी एमबीआर निवडले. अलीकडचे संगणक यूईएफआयवर, म्हणजे बायॉसच्या नव्या वारसदारावर, चालतात आणि ते पहिले ५१२ बाइट न पाहता फॅट३२ या जुन्या फाइलव्यवस्थेच्या कप्प्यातल्या ठरावीक फोल्डरातली ठरावीक नावाची फाइल शोधतात. पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व काही या प्रक्रियेत पुसले जाते, हेही सांगून ठेवते, कारण एकदा मी स्वतःच घाईत भाचीच्या वाढदिवसाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह निवडला होता. ज्यांना चार-पाच वेगवेगळ्या आयएसओ जवळ बाळगायच्या आहेत त्यांच्यासाठी व्हेंटॉय अधिक सोयीचे आहे. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवले की मग आयएसओ फायली खरोखरच नुसत्या टाकल्या तरी चालतात.

तयार झालेला पेनड्राइव्ह मी माझ्या लॅपटॉपवर एकदा सुरू करून पाहिला, सोबत एक टेराबाइटची बाहेरची डिस्क घेतली आणि सकाळच्या गाडीने निघाले.

मामांच्या खोलीत कॅबिनेटवर मामींनी विणलेले रुमालाचे आच्छादन होते, ते काढले, बाजूचे झाकण उघडले आणि आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली. संगणक सुरू होताच एफ१२ दाबत राहिल्यावर बूट मेनू आला. ही कळ प्रत्येक बनावटीची वेगळी असते. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या मदरबोर्डांवर एफ८. कळ लागत नसेल तर घड्याळाकडे न पाहता ती टपटप दाबत राहणे हाच उपाय. मेनूतून पेनड्राइव्ह निवडला आणि सिस्टिमरेस्क्यूच्या पहिल्या पडद्यावर, संपूर्ण प्रणाली रॅममध्ये उतरवण्याचा पर्याय घेतला. संगणकात चार गिगाबाइट रॅम असल्याने ते जमले. या पर्यायाचा फायदा असा की नंतर पेनड्राइव्ह काढून घेता येतो आणि यूएसबीचे एक तोंड मोकळे होते. ही प्रणाली आतल्या डिस्कचे कप्पे आपणहून उघडत नाही, आणि तिची निवड करण्यामागे माझे मुख्य कारण हेच असते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर विनाकारण एक अक्षरही लिहिले जाऊ नये.

डिस्क दिसली. दोन्ही कप्पे आणि विंडोजने स्वतःसाठी राखलेला ५०० मेगाबाइटचा छोटा कप्पा, सगळे यादीत होते. मग तिची प्रकृती विचारली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या आजारपणाची नोंद ठेवत असते आणि स्मार्टसीटीएल ही आज्ञा ती नोंद वाचून दाखवते. लांबलचक तक्त्यात पाहायच्या ओळी तीनच, पाचव्या, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या. १९७ व्या ओळीत, वाचता न आल्याने निर्णय लांबणीवर टाकलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या लहान तुकड्यांची, संख्या असते. ती शून्य असायला हवी, तिथे ८० होते. बिघाड नुसत्या बीसीडीपुरता नव्हता तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होऊ लागला होता, आणि राखीव कप्प्यातली बीसीडी हा त्याचा पहिला बळी होता.

अशा डिस्कवर चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क-दुरुस्तीचे अवजार चालवण्याचा मोह फार होतो आणि मी पाहिलेल्या बहुतेक दुर्घटना त्या मोहातूनच घडल्या आहेत. चेकडिस्कला तुमच्या माहितीची काळजी नसते, फाइलव्यवस्थेच्या सुसंगतीची असते. सुसंगती साधण्यासाठी ते नोंदी बदलते, तुकडे हलवते, न वाचता आलेल्या जागा रद्द करते, आणि हे सगळे त्या दुबळ्या डिस्कवरच लिहिते. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे. प्रथम संपूर्ण डिस्कची, कप्पे-फायली असा कोणताही भेद न करता, पहिल्या बाइटापासून शेवटच्या बाइटापर्यंत प्रत घ्यायची, आणि मग जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर करायचे.

ही प्रत घेण्यासाठी डीडीरेस्क्यू या अवजाराला तोड नाही. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला हा प्रोग्राम अतिशय समंजसपणे वागतो. साधी कॉपी करणारे प्रोग्राम पहिल्याच खराब जागी येऊन थांबतात, किंवा तिथेच तासन्‌तास डोके आपटत बसतात, आणि तेवढ्यात डिस्क पुरती बसते. डीडीरेस्क्यू खराब जागा लागली की ती ओलांडून पुढे जातो, आधी सुखासुखी मिळेल तेवढे सगळे गोळा करतो, आणि मग मागे येऊन राहिलेल्या जागांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आत शिरतो. काय मिळाले, काय राहिले याचा नकाशा तो एका छोट्या फाइलमध्ये सतत लिहीत असतो. ती नकाशाची फाइल मी बाहेरच्या डिस्कवर ठेवली. मूळ डिस्क कोणती आणि बाहेरची कोणती, हे आज्ञा टंकताना तीनदा तपासले, कारण दोन्ही नावांत एका अक्षराचा फरक असतो आणि ती नावे उलटी पडली तर कोऱ्या डिस्कची प्रत मामांच्या डिस्कवर उतरली असती. बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीची नाही ना, हेही पाहून घेतले होते. त्या पद्धतीत एक फाइल चार गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि मला तर ५०० गिगाबाइटची एकच फाइल हवी होती.

रात्री नऊला काम सुरू झाले. सुरुवातीला वेग अगदीच मंद दिसला तेव्हा लक्षात आले की मी डिस्क पुढच्या, जुन्या यूएसबीला लावली आहे. थांबवून ती मागच्या निळ्या तोंडात लावली आणि वेग सेकंदाला ७० मेगाबाइटपर्यंत चढला. टेबलफॅन उघड्या कॅबिनेटकडे वळवून ठेवला होता, कारण सांगलीतला एप्रिल. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पडद्यावरचे वाढणारे आकडे, क्रिकेटची धावसंख्या पाहावी तसे पाहू लागले. सव्वाअकराच्या सुमारास पहिली फेरी संपली. ५,००,१०७ मेगाबाइटपैकी जेमतेम तीन मेगाबाइट राहिले होते. "मग झालंच की," मामा म्हणाले. मी त्यांना सांगितले की खरे काम आता सुरू होईल, तुम्ही झोपा.

दुसऱ्या फेरीत डिस्कमधून टिक-टिक असा आवाज येऊ लागला, वेग शून्यावर जाई, मध्येच काही किलोबाइट मिळत, पुन्हा शून्य. अडीचच्या सुमारास वीज गेली. मामांचा यूपीएस दोन वर्षांपासून फक्त विस्तारित बोर्ड म्हणून काम करत होता, त्यामुळे सगळे क्षणात अंधारले. रॅममध्ये चाललेली प्रणाली अर्थातच नाहीशी झाली. पण नकाशा बाहेरच्या डिस्कवर होता. पहाटे चारला वीज आल्यावर संगणक पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू केला, तीच आज्ञा शब्दशः तशीच पुन्हा दिली, आणि डीडीरेस्क्यूने नकाशा वाचून जिथे सोडले होते त्याच्या आसपासूनच काम पुढे चालू केले. ज्या कुणाला हा नकाशा बाळगण्याची बुद्धी सुचली, त्याच्या घरचीही वीज कधीतरी नक्की गेली असणार. सकाळी साडेनऊला प्रोग्राम थांबला, तेव्हा न मिळालेली जागा ४०,९६० बाइट उरली होती, म्हणजे ४०९६ बाइटांचे दहा ठोकळे.

चहा झाल्यावर मी बाहेरची डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली, त्या महाकाय फाइलमधले कप्पे फक्त वाचण्यापुरते उघडले, आणि मामांचे फोल्डर समोर आले. 'मोट', 'नांगर', 'गाडी', 'खळे', 'पाऊस', सगळ्या फायली देवनागरी नावांसह जागच्या जागी होत्या. मामांनी चष्मा लावला. मी कौतुकाने 'नांगर' उघडली आणि पडदाभर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे आणि कंसांचा चिखल पसरला. मामांचा चेहरा उतरला. "हे काय, सगळं नासलंय की गं."

नासले काहीच नव्हते. मामांनी टंकनाला सुरुवात केली तेव्हा त्यांना युनिकोडविषयी, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या प्रमाण संकेतांविषयी, कुणी सांगितले नव्हते आणि ते जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्येच टंकत आले. त्या फॉन्टांत आतली अक्षरे इंग्रजीच असतात, फक्त 'अ' दिसावा, 'क' दिसावा असे त्यांना मुखवटे चढवलेले असतात. मुखवटा नसलेल्या संगणकावर खालचे इंग्रजी उघडे पडते. मराठी माणसाचा संगणक वाचवणाऱ्याने म्हणून दस्तऐवजांबरोबर विंडोजचे फॉन्ट्स फोल्डरही उचलून घ्यावे, नाहीतर फायली हाताशी आणि मजकूर मात्र परका अशी स्थिती होते. सी ड्राइव्हच्या प्रतीतून ते फोल्डर काढले, त्यातला तो एक फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर बसवला आणि फाइल पुन्हा उघडली. फाळ, रुमणे, इसाड, जू, शिवळ. मामांनी पडद्यावर बोट टेकवून दोन ओळी वाचल्या आणि मग मामींना हाक मारली.

उरलेली दुरुस्ती त्यामानाने सरळ होती. बाजारातून ५०० गिगाबाइटचा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेला वेगवान साठा, आणला. तिथे ४८० चाही स्वस्तात मिळत होता, पण मूळ डिस्कची हुबेहूब प्रत त्यात मावली नसती. प्रत त्यावर उतरवली, जुनी डिस्क काढून त्या जागी तो बसवला आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून दुरुस्तीच्या पर्यायांतून काळ्या आज्ञा-पडद्यावर गेले. इथे एक गोष्ट हमखास फसवते. या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरे नेहमीसारखी नसतात. मामांचा विंडोजचा कप्पा एरवी सी असला तरी इथे तो डी झाला होता आणि सी हे अक्षर त्या राखीव छोट्या कप्प्याला मिळाले होते. म्हणून आधी प्रत्येक अक्षराखाली काय आहे ते यादी काढून पाहिले. चेकडिस्क आता, निरोगी माध्यमावर, खुशाल चालवले. मग जुनी बीसीडी फाइल नाव बदलून बाजूला सारली आणि बीसीडीबूट ही आज्ञा, विंडोज कुठे आहे आणि बूटच्या फायली कुठे ठेवायच्या हे दोन्ही सांगून, बायॉस पद्धतीसाठी दिली. एका सेकंदात बूटच्या फायली तयार झाल्याचा संदेश आला. संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा मामांचे वॉलपेपर, औदुंबरच्या घाटाचा त्यांनी स्वतः काढलेला फोटो, दीड मिनिटाऐवजी वीस सेकंदांत समोर उभे होते.

मामांचा संगणक जुना होता हे एका अर्थी माझे नशीब. हेच काम अलीकडच्या लॅपटॉपवर करायचे असते तर दोन कुलपे आधी उघडावी लागली असती. पहिले सिक्युअर बूट. स्वाक्षरी नसलेली प्रणाली ते सुरू होऊ देत नाही आणि सिस्टिमरेस्क्यूसाठी ते बंद करावे लागते. दुसरे बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे कूटलेखन. डिस्कवरची माहिती कूटबद्ध असेल तर बाहेरून आलेल्या कुणालाही, मालकालासुद्धा, ती ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय वाचता येत नाही, आणि सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज स्वतःही अनेकदा तीच की मागून बसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या लॅपटॉपांवर हे कूटलेखन पुष्कळदा मालकाच्या नकळत चालू झालेले असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तातडीने एक बूट होणारे यूएसबी साधन उपलब्ध करून दिले. एक फाइल पुसली की संगणक पूर्ववत होत होता, पण त्यासाठी प्रत्येक संगणकापाशी माणूस जावा लागत होता आणि कित्येक ठिकाणी त्या माणसाच्या खिशात पेनड्राइव्ह होता, पण रिकव्हरी की नव्हती. तेव्हापासून मी घरातल्या तिन्ही लॅपटॉपांच्या कीज कागदावर लिहून, रेशन कार्ड आणि विम्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवल्या आहेत.

फास्ट स्टार्टअपचाही उल्लेख करायला हवा. या सोयीमुळे विंडोज 'बंद' झाल्यावरही खरे तर अर्धवट झोपलेले असते, आणि अशा कप्प्यावर लिहिण्यास लिनक्स नकार देते. पुष्कळ लोक मग इंटरनेटवर शोधून तो नकार जबरदस्तीने मोडणारी आज्ञा देतात. तसे करू नये. वाचण्यापुरता कप्पा तरीही उघडतो, आणि माहिती बाहेर काढायला तेवढे पुरते.

राहिले ते दहा ठोकळे. ते कोणत्या फायलींत पडले होते हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. डीडीरेस्क्यूमध्ये त्यासाठी एक मजेदार सोय आहे. नकाशात न मिळालेल्या म्हणून नोंदलेल्या जागांवर, प्रतीत, आपल्या पसंतीचा मजकूर भरून घेता येतो. मी तिथे एक विचित्र इंग्रजी शब्द भरला, जो एरवी कुठल्याही फाइलमध्ये असणे शक्य नव्हते, आणि मग प्रतीतले कप्पे एकेक करून त्या शब्दासाठी शोधून काढले. सहा ठोकळे राखीव कप्प्यात होते, त्यातला एक त्या बीसीडीचाच. तीन विंडोजच्या स्वतःच्या फायलींत होते. दहावा 'मोट' या फाइलमध्ये निघाला. डी ड्राइव्हवरची तिची प्रत उघडून पाहिली, तर ती तीन वर्षांपूर्वीची होती आणि त्यात तो भागच नव्हता.

४०९६ बाइट म्हणजे त्या जुन्या फॉन्टमध्ये साधारण दीड पान. आधीचे पान थारोळ्यापाशी संपत होते आणि नंतरचे पान बैलांच्या नावांपाशी सुरू होत होते. मधल्या जागेत काय होते ते मामांना विचारले, तर त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात पुढे करून हवेतच दोर धरल्यासारखे केले, आणि विहिरीच्या काठापासून धावेच्या टोकापर्यंत क्रमाने सांगत गेले. मी टंकत होते, या वेळी युनिकोडमध्ये. नाडा, सोंदूर, सोंड. मध्येच थांबून म्हणाले, "थांब, इथं एक शब्द मी लिहायचा राहिलेला होता," आणि तो सांगितला.